सूडपटांचा चोरटा आनंद

हिंदी चित्रपटसृष्टीत सूडपट हा असा प्रकार आहे की त्याचे प्रेक्षक अमाप आहेत, पण त्याचे चाहते म्हणवून घेणारे मोजकेच. एखाद्या निरपराध माणसावर वा कुटुंबावर भयंकर अन्याय होतो, पोलीस आणि न्यायालये त्याची दाद घेत नाहीत किंवा घेऊ शकत नाहीत, आणि मग पीडित व्यक्ती स्वतःच अपराध्यांना एकेक करून संपवते, एवढाच ज्याच्या कथानकाचा कणा असतो त्याला सूडपट म्हणता येईल. यांपैकी जे चित्रपट अल्प भांडवलात, उतरत्या काळातील वा दुय्यम नटांना घेऊन, काही आठवड्यांत उरकले जातात, त्यांच्याविषयी सुशिक्षित प्रेक्षक सहसा दोन प्रकारे बोलतो: चारचौघांत नाक मुरडून आणि मित्रांत खिदळून. आपण यात रमतो याची थोडी लाज वाटावी आणि तरीही पाहणे सोडवू नये, अशा आनंदाला चोरटा आनंद म्हणतात. या लाजेत दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, हे मात्र क्वचितच लक्षात घेतले जाते. एक लाज अभिरुचीची, म्हणजे आपल्याला असला ओबडधोबड माल आवडतो याची; आणि दुसरी नीतीची, म्हणजे माणसाला मारताना पाहून आपल्याला बरे वाटते याची. पहिली बहुतांशी सामाजिक प्रतिष्ठेतून येते आणि तिला फारसा आधार नाही. दुसरी खरी आहे, परंतु पहिलीच्या गोंगाटात ती बहुधा ऐकू येत नाही.

सूडकथेकडे हलक्या अभिरुचीची खूण म्हणून पाहणाऱ्याला महाभारताचे काय करायचे हा प्रश्न पडावा. दुःशासनाच्या रक्ताची भीमाची प्रतिज्ञा, भीष्माच्या नाशासाठी दुसरा जन्म घेणारी अंबा, झोपेत असलेल्या पांडवसैन्याची कत्तल करणारा अश्वत्थामा, ही सारी सूडाचीच आख्याने आहेत. आणि विराटपर्वातील कीचकवधात तर पुढच्या काळातील सूडपटाचा आराखडा जवळजवळ पूर्ण सापडतो. सैरंध्रीच्या वेशातील द्रौपदीला कीचक भर दरबारात लाथ मारतो, राजा विराट आपल्या बलाढ्य सेनापतीपुढे व मेहुण्यापुढे गप्प बसतो, युधिष्ठिर संयमाचा सल्ला देतो, आणि अखेर रात्रीच्या अंधारात नृत्यशाळेत भीम कीचकाचे असे काही करतो की हातपाय कुठे आणि डोके कुठे हे कोणाला ओळखता येऊ नये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1907 साली याच कथेवर ‘कीचकवध’ हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल दिसले, आणि 1910 मध्ये ब्रिटिश सरकारने नाटकावर बंदी घातली. सूडाच्या दृश्याने प्रेक्षकांत काय जागे होऊ शकते याविषयी त्या काळच्या सरकारची जाण पुढच्या अनेक चित्रपट-समीक्षकांपेक्षा चांगली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्राचीन कथेपासून अल्पखर्ची हिंदी सूडपटापर्यंत येताना दोन गोष्टींचा विचार करावा लागतो. पहिली कायद्याशी निगडित आहे आणि तिचा संबंध थेट महाराष्ट्राशी येतो. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून बलात्कार झाल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 1978 मध्ये त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा रद्द करून आरोपींना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, म्हणून तिची संमती असावी, या तर्काविरुद्ध उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नाकारली, तर ती नव्हतीच असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही तरतूद त्यातून आली. याच मंथनाच्या काळात, 1980 साली, बी. आर. चोप्रांचा ‘इन्साफ का तराजू’ प्रदर्शित झाला. त्यात बलात्काराचा खटला हरलेली नायिका, त्याच पुरुषाने तिच्या धाकट्या बहिणीलाही बळी केल्यावर, त्याला गोळी घालते. हा चित्रपट स्वस्तातला नव्हता आणि त्याची प्रेरणा ‘लिपस्टिक’ या 1976 सालच्या अमेरिकन चित्रपटात होती, तरीही न्यायालयावरचा अविश्वास आणि त्यामागोमाग येणारी गोळी ही जी जोडी त्याने रूढ केली, ती पुढे कमी भांडवलाच्या निर्मात्यांनी अनेक वर्षे वापरली.

दुसरी गोष्ट धंद्याची. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, पाठोपाठ व्हिडिओ आला, आणि मध्यमवर्गीय कुटुंबे चित्रपटगृहांतून हळूहळू घरी परतली. मागे उरला तो मुख्यतः पिटातला प्रेक्षक: गिरणगावातला, बंदरातला, हमालीतला, तालुक्याच्या गावातला तरुण पुरुष, ज्याच्याकडे ना व्हिडिओ होता ना त्याला तो भाड्याने आणणे परवडत होते. हिंदी चित्रपटाचे वितरण देशाचे भौगोलिक विभाग पाडून चालते, त्यांना टेरिटरी म्हणतात, आणि प्रत्येक टेरिटरीचे हक्क स्वतंत्रपणे विकले जातात. विदर्भ, उदाहरणार्थ, मुंबई विभागात नव्हे तर सी. पी. बेरार विभागात मोडतो. मोठ्या शहरांतील मोक्याच्या चित्रपटगृहांची आशा सोडून केवळ लहान केंद्रांवरच नफा काढायचा ठरवले, तर खर्च एका मर्यादेखाली ठेवणे भाग असते, पण मग तोट्याची भीतीही उरत नाही. ‘बी ग्रेड’ हा शब्द मुळात अमेरिकेतला, तिथे एका तिकिटात दाखवल्या जाणाऱ्या दोन चित्रपटांपैकी दुय्यम चित्रपटासाठी तो वापरत. भारतात तो खर्चाला, केंद्राला आणि प्रेक्षकालाही एकदमच चिकटला, आणि चिकटवणाऱ्यांचा रोख बहुतेक वेळा प्रेक्षकावरच होता.

अल्पखर्ची निर्मात्याने नेमका सूडच का निवडावा, याचे उत्तर समीक्षेपेक्षा निर्मितीच्या हिशेबात जास्त चांगले सापडते. प्रेमकथेला देखणी जोडी, परदेशातली किंवा निदान काश्मीरमधली गाणी आणि चांगला संगीतकार लागतो. कौटुंबिक चित्रपटाला मोठे घर आणि पाचपंचवीस ओळखीचे चेहरे लागतात. सूडाला मात्र सुरुवातीला उद्ध्वस्त करण्यापुरते एक छोटे सुखी कुटुंब आणि नंतर मारण्यापुरते चारपाच खलनायक पुरतात. शिवाय खलनायक एकेक करून मरतात, म्हणजे त्या नटांच्या तारखा एकत्र जुळवण्याची गरज राहत नाही. एका नटाला चार दिवस बोलवावे, त्याचे अत्याचार आणि त्याचा मृत्यू उरकून घ्यावा आणि त्याला मोकळे करावे. मुंबईजवळ मढ बेटावरचे भाड्याचे बंगले खलनायकाचे घर होतात, एखादे गोदाम त्याचा अड्डा होते, आणि मारामारीत कोसळण्यासाठी रिकामी खोकी व मडकी रचून ठेवली की फाइट मास्टरचे काम सुरू. आवाज नंतर डबिंगमध्ये भरायचा असल्याने चित्रीकरणाच्या जागी शांतता असण्याचीही आवश्यकता नसते. एकामागून एक मृत्यू ही रचना प्रेक्षकाला अटळ नियतीसारखी भासते. तिचा उगम बऱ्याच अंशी नटांच्या तारखांच्या वहीत असतो.

या काटकसरीचे सर्वांत व्यवस्थित रूप 1990 च्या दशकात मिथुन चक्रवर्तींच्या उटी येथील कारभारात दिसते. राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त अभिनेता आणि ‘डिस्को डान्सर’मुळे सोव्हिएत संघापर्यंत पोहोचलेला नायक असा लौकिक असलेल्या मिथुन यांनी मुंबई सोडून निलगिरीतल्या या थंड हवेच्या गावात बस्तान बसवले, तिथे स्वतःचे हॉटेल काढले, आणि निर्मात्यांसाठी अशी सोय केली की नायक, राहण्याची जागा आणि चित्रीकरणाचा परिसर हे सारे एकाच ठिकाणी मिळावे व चित्रपट काही महिन्यांत हातावेगळा व्हावा. टी. एल. व्ही. प्रसाद यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी अशा चित्रपटांची रांग लावली. शीर्षके बदलत, बहीण बदले, खलनायकाची मिशी बदले. परंतु उटीचे तेच निलगिरी वृक्ष आणि तोच वळणाचा रस्ता चित्रपटामागून चित्रपटात भेटत राहत, आणि कथेत ते गाव मुंबई असो की उत्तर प्रदेश, याचा प्रेक्षकाला काही त्रास होत नसे. मोठ्या पडद्यावरचा हा गृहोद्योग कलेच्या दृष्टीने कसाही असला, तरी निर्माता, वितरक आणि पिटातला प्रेक्षक या तिघांनाही त्याने क्वचितच फसवले, आणि चित्रपटधंद्यात ही गोष्ट साधी नाही.

या परंपरेचे टोक म्हणजे कांती शाह यांचा 1998 सालचा ‘गुंडा’. विमानतळावर हमाली करणारा शंकर, त्याचे हवालदार वडील, त्याची बहीण, आणि त्या सर्वांचा सत्यानाश करणारी बुल्लाची टोळी, एवढाच ऐवज. मुकेश ऋषी, शक्ती कपूर, हरीश पटेल, रामी रेड्डी यांच्याबरोबर मराठी रंगभूमीवरचे कसलेले नट मोहन जोशी यांनीही यात खलनायक रंगवला आहे. बशीर बब्बर यांच्या संवादांत प्रत्येक खलनायक यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतो, बहुतेक यमके अश्लील असतात, आणि शेवटच्या मारामारीत खलनायकांची फौज ऑटोरिक्षांतून येते. प्रदर्शनाच्या वेळी सभ्य समाजाने ज्याची दखलही घेतली नाही, तो चित्रपट पुढे इंटरनेटच्या काळात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या वसतिगृहांत पाठ होऊ लागला. हा आस्वाद पिटातल्या प्रेक्षकाच्या आस्वादाहून वेगळा आहे, आणि तो समजण्यासाठी संस्कृत काव्यशास्त्रातील ‘रसाभास’ ही कल्पना उपयोगी पडते. रसाची सामग्री अनुचित जागी किंवा अनुचित प्रमाणात आली की रस न निपजता त्याचा आभास निपजतो, आणि कोणत्याही रसाच्या आभासातून हास्य जन्माला येऊ शकते, असे अभिनवगुप्ताने म्हटले आहे. ‘गुंडा’तील क्रोध इतका अमर्याद आणि त्याची साधने इतकी तोकडी आहेत की रौद्राचा आभास होऊन हसू फुटते. वसतिगृहातला विद्यार्थी आभासाला हसतो. नव्वदच्या दशकातला हमाल मात्र रौद्रच अनुभवत असण्याची शक्यता मोठी आहे, कारण आपल्यासारखा एक हमाल पडद्यावर कोणाला शरण जात नाही, ही गोष्ट त्याच्यासाठी विनोदाची नव्हती.

अभिरुचीची लाज कशी वरवरची असते हे परदेशी उदाहरणावरूनही दिसते. क्वेंटिन टॅरंटिनो यांचा ‘किल बिल’ 2003 व 2004 मध्ये दोन भागांत आला आणि जगभर नावाजला गेला. त्याची बरीचशी घडण ‘लेडी स्नोब्लड’ या 1973 सालच्या जपानी सूडपटावरून आणि अमेरिकेतील कळकट चित्रपटगृहांत चालणाऱ्या स्वस्त मारामारीपटांवरून उचललेली आहे, हे दिग्दर्शकाने कधी लपवले नाही. तोच सूड भारी कॅमेऱ्याने टिपला की त्याला शैली म्हणतात.

आता या चित्रपटांतील आनंदाचे स्वरूप पाहिले पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्रात रौद्राचा स्थायी भाव क्रोध सांगितला आहे, आणि रौद्रापासून करुण उत्पन्न होतो असे म्हटले आहे, म्हणजे एकाच्या क्रोधाचे फळ दुसऱ्याचा शोक. सूडपट हा क्रम फिरवून घेतो. मध्यंतरापर्यंत तो शोक साठवतो आणि मध्यंतरानंतर त्या शोकाचे क्रोधात रूपांतर करून तो खर्च करतो. यात प्रेक्षकाला मिळणारे सुख रक्त पाहण्याचे असते त्यापेक्षा हिशेब चुकता होताना पाहण्याचे अधिक असते. म्हणूनच मारण्याची पद्धत अपराधाशी जुळणारी असावी लागते, शेवटचा खलनायक सर्वांत सावकाश मरावा लागतो, आणि मरण्यापूर्वी आपण कशासाठी मरतो आहोत हे त्याला कळावे लागते. राजकुमार कोहली यांच्या ‘नागिन’मध्ये (1976) मेलेल्या नागाच्या डोळ्यांत मारेकऱ्यांची चित्रे उमटलेली नागीण पाहते, आणि ‘तेरी मेहरबानियाँ’मध्ये (1985) तर जॅकी श्रॉफचा नायक मारला गेल्यावर त्याचा कुत्रा मोती मारेकऱ्यांना लक्षात ठेवून एकेकाचा समाचार घेतो. कुत्र्याच्या सूडाला हसणे सोपे आहे. पण साक्षीदार फितूर होतात, कागद गहाळ होतात, तारखा पुढे ढकलल्या जातात अशा जगात ज्याला विकत घेता येत नाही आणि जो काही विसरत नाही असा साक्षीदार कोणाला हवासा वाटणार नाही?

इथवर या प्रकाराची बाजू घेणे शक्य आहे. यापुढे ते अवघड होते. सूड रास्त वाटण्यासाठी आधीचा अन्याय असह्य असावा लागतो, आणि या चित्रपटांनी तो अन्याय बहुतेक वेळा बलात्काराच्या रूपात दाखवला, तोही अशा रीतीने की ज्या दृश्याचा प्रेक्षकाला संताप यावा, त्याच दृश्यासाठी जाहिरातीच्या फलकाने त्याला आत बोलावलेले असावे. कॅमेरा पीडितेच्या बाजूने असल्याचा दावा करतो आणि उभा राहतो अत्याचाऱ्याच्या जागी. ललिता गोपालन यांनी 1990 च्या दशकात हिंदीतील सूड घेणाऱ्या स्त्रियांच्या चित्रपटांचा अभ्यास करताना याच दुहेरीपणावर बोट ठेवले होते: या चित्रपटांनी स्त्रीला पडद्यावर एरवी न मिळणारी सत्ता दिली हे खरे, पण त्या सत्तेकडे जाणारी वाट त्यांनी तिच्यावरील अत्याचाराच्या प्रदर्शनातूनच काढली. अवतार भोगल यांच्या ‘जख्मी औरत’मध्ये (1988) डिंपल कपाडिया पोलीस अधिकारी आहे, म्हणजे शस्त्र आणि अधिकार तिच्याकडे पहिल्यापासून आहेत, तरी चित्रपटाच्या लेखी ती खरी प्रबळ होते ती बलात्कारानंतर, न्यायालयात हरल्यावर आणि इतर पीडित स्त्रियांची टोळी जमवून बलात्काऱ्यांचे लिंगविच्छेदन करू लागल्यावर. पुरुष प्रेक्षकाला इथे दोन्ही गोष्टी विकल्या जातात: आधी भक्षकाची नजर आणि नंतर त्या नजरेची शिक्षा, आणि शिक्षा झाल्यामुळे आधीच्या नजरेबद्दल त्याने स्वतःला माफ करावे अशी सोयही. नीतीची लाज वाटायची ती इथे वाटली पाहिजे. ‘गुंडा’ला हसताना त्यातील बहिणीच्या मृत्यूलाही हसले जाते, हे वसतिगृहातल्या त्या रसिकाने एकदा तरी स्वतःशी कबूल करावे.

कमी पैशांतही ही वाट टाळता येते, हे एन. चंद्रा यांनी दाखवले. मुंबईच्या कनिष्ठ मध्यमवर्गात वाढलेल्या, संकलनाच्या टेबलावरून दिग्दर्शनाकडे आलेल्या या मराठी दिग्दर्शकाचा ‘अंकुश’ 1986 साली, गिरणी संपाने शहराची कंबर मोडल्यानंतर आला. नाक्यावर बसून दिवस काढणारे चार बेकार तरुण, त्यांना माणसांत आणणारी शेजारची अनिता, तिच्यावर तिच्या मालकवर्गाने केलेला सामूहिक बलात्कार, न्यायालयातून सुटलेले आरोपी, तिची आत्महत्या आणि मग त्या चौघांनी घेतलेला सूड, हा क्रम सूडपटाच्या ठरलेल्या साच्यातलाच आहे. परंतु नाना पाटेकर यांच्या रवीचा राग अनिताच्या आधीपासूनचा आहे. तो बेकारीचा, नाकारलेपणाचा राग आहे, आणि अनिताच्या निमित्ताने त्याला दिशा मिळते. त्यामुळे अत्याचाराचे दृश्य रंगवून क्रोध निर्माण करण्याची गरज या चित्रपटाला इतरांइतकी लागत नाही. पुढच्याच वर्षी चंद्रा यांनी ‘प्रतिघटना’ या तेलुगू चित्रपटावरून ‘प्रतिघात’ केला, आणि त्यात भर रस्त्यात विवस्त्र केली गेलेली प्राध्यापिका त्या गुंडाला जाहीर सत्काराच्या व्यासपीठावरच परशूने मारते. ‘अंकुश’बाबत एक विलक्षण गोष्ट अशी की त्यातील कुलदीप सिंग यांनी संगीत दिलेली आणि पुष्पा पागधरे व सुषमा श्रेष्ठ यांनी गायिलेली ‘इतनी शक्ती हमें देना दाता’ ही प्रार्थना देशभरातील असंख्य शाळांच्या परिपाठात गेली. खुनांच्या चित्रपटातून आलेली प्रार्थना लहान मुले हात जोडून म्हणतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, कारण बहुतेकांना तिचे मूळ ठाऊकच नसते.

‘अंकुश’च्या शेवटी चौघेही फासावर जातात. हे अपवादाने घडलेले नव्हे. हिंसेचे समर्थन वा उदात्तीकरण होऊ नये ही सेन्सॉर मंडळाच्या मार्गदर्शक तत्त्वांतील अट सांभाळण्यासाठी त्या काळातील सूडपटांत शेवटच्या रिळात पोलिसांची जीप येई, नायक मनगटे पुढे करी, आणि प्रेक्षक त्या बेड्यांकडे फारसे लक्ष न देता खुर्चीवरून उठू लागे. तो औपचारिक दंड का होईना, पण भरला जात होता. एकपडदा चित्रपटगृहे बंद पडत गेल्यावर स्वस्त सूडपटाची जागा दूरचित्रवाणीवरील हिंदीत डब केलेल्या दक्षिणी चित्रपटांनी घेतली, आणि त्यानंतर सूड स्वतःच वरच्या वर्गात गेला. ‘के.जी.एफ.’चे दोन भाग (2018 व 2022) किंवा ‘ॲनिमल’ (2023) यांच्यात गोदामातली मडकी नाहीत, उटीचा तोच रस्ता नाही, आणि मल्टिप्लेक्सच्या तिकिटाने अभिरुचीची लाज पूर्णपणे धुऊन निघाली आहे. शेवटच्या रिळातली जीपही आता येईनाशी झाली आहे, कारण नायक तुरुंगात गेला तर पुढचा भाग काढायचा कोणावर, हा प्रश्न निर्मात्यापुढे असतो.